एकविसावा दिवस

"मावशी, एक पाकीट द्या की," रोहिणी म्हणाली आणि मागं वळून दाराकडं बघून घेतलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी उकळत्या पाण्यातून चिमटे काढत होते. हाताला चटके बसत होते आणि ही बया कानाशी येऊन कुजबुजत होती.

"कसलं पाकीट?"

"ते ओ... पाळी पुढं ढकलायचं. गौरी तोंडावर आल्यात न्हवं."

"मग एवढं चोरून कशाला मागतीस? मी काय अफू विकते व्हय?"

ती हसली. हसली की तिच्या उजव्या गालाला खळी पडायची. तीन वेळा पोट रिकामं झालेल्या बाईला असं हसता येतं याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

हे कराडात घडलं. आता वीस वर्षं होऊन गेली. डॉक्टर हेरंब निरगुडकरांच्या प्रसूतिगृहात मी तेव्हा मुख्य नर्स होते. कागदावर कुंदा साळोखे. पण गावाला मी कुंदा सिस्टर आणि सुनाबाळींना मावशी. सव्वीस वर्षांची नोकरी झालेली, हाताला यश, आणि त्याचा तोरा नाकाच्या शेंड्यावर. खोटं कशाला सांगू?

त्या गोळ्या मी कपाटाच्या खणात ठेवत असे. मेडिकलच्या काउंटरवर पुरुष उभा असतो, त्याच्याकडं मागायला पोरींना लाज वाटते. आमच्याकडं श्रावण-भाद्रपदात या गोळ्या तापाच्या गोळ्यांपेक्षा जास्त खपतात. मंगळागौर आली, घ्या. सत्यनारायण आला, घ्या. माझ्या नणंदेच्या लग्नात मीसुद्धा दहा दिवस घेतल्या होत्या. त्यांना औषध कुणी म्हणतच नाही. जसं नैवेद्याला केळीचं पान, तशी सणाला ती गोळी.

"कितवा दिवस आज?" मी विचारलं.

"पंधरावा. पण माझं काय खरं न्हाई मावशी. कधी चोवीस दिवसांनी येती, कधी तिसाला. आन् औंदा गौर मी आणायची हाय. आत्यांनी सगळ्या भावकीत सांगून टाकलंय."

आत्या म्हणजे तिची सासू, हौसाबाई. मसूरकडच्या त्यांच्या गावात गौर विहिरीवरून सुवासिनीनं तोंडानं चकार शब्द न काढता घरी आणायची, आणि उंबऱ्यात बाकीच्यांनी विचारायचं, "कोण आली?" तीन वर्षं हा मान धाकट्या जावेकडं होता, कारण तिच्या कडेवर पोर होतं. यंदा हौसाबाईंनी हट्टानं थोरलीला पुढं केलं होतं. गौर जिच्या हातानं घरात येते तिचा पाळणा हलतो, असं त्या म्हणायच्या. आणि त्याच दिवशी रोहिणी बाजूला बसली असती तर भावकीतल्या बाया तोंडाला पदर लावून जे बोलल्या असत्या, ते मला ऐकायला जायची गरज नव्हती.

"मग आजपासनंच सुरू कर," मी म्हणाले. "दिवसाला तीन. विसर्जन झालं की बंद."

देताना मी विचार केला नव्हता असं नाही. डॉक्टरांनी तिच्या गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घ्यायचं ठरवलं होतं, आणि त्या महिन्यात हार्मोनची कुठलीही गोळी चालणार नाही असं बजावलं होतं. पण नमुना पुढच्या महिन्यात होता. तोवर या पाळीबरोबर सगळं धुऊन जाईल असा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब बरोबरही होता. तिचा नवरा सुट्टीवर लवकर आला नसता तर.

विलास शेवाळे लष्करात होता, आसामच्या बाजूला. त्याची साठ दिवसांची सुट्टी दिवाळीच्या सुमाराला ठरलेली. ती अचानक आधी मंजूर झाली. पाकीट दिल्याला पाचच दिवस झाले होते, आणि सहाव्या दिवशी सकाळी तो, रोहिणी आणि हौसाबाई असे तिघं डॉक्टरांच्या खोलीत बसलेले. विलास खुर्चीच्या टोकावर ताठ बसला होता.

"साहेब, साठ दिवस हायेत. पुढची सुट्टी थेट वर्षानं. जे करायचं ते या साठ दिवसांत करा."

डॉक्टरांनी रोहिणीचा कागद ओढला, बोटावर दिवस मोजले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आज कितवा? विसावा! म्हणजे उद्या एकविसावा. अरे, मग थांबायचं कशाला? उद्याच नमुना घेऊ. रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येईल, पाळी होऊन जाईल, आणि तुमच्या सुट्टीतला चांगला महिना हाताशी राहील. सिस्टर, फॉर्म भरून घ्या."

रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी फॉर्मकडं पाहिलं.

बाहेरच्या बाकावर मी लिहायला बसले. एका बाजूला रोहिणी, दुसऱ्या बाजूला हौसाबाई. आमच्याकडं सुनेला प्रश्न विचारला की उत्तर सासू देते. डॉक्टरी तपासणी असली म्हणून काय झालं.

"सध्या काही औषध चालू?" मी वाचलं.

"न्हाई ओ. कसलं औषध? धट्टीकट्टी हाय की."

"घरात कुणाला दमा, क्षय, साखर?"

"आमच्या घरात असलं काय न्हाई," हौसाबाई ठसक्यात म्हणाल्या.

रोहिणीचे ओठ हलले. मला वाटलं ती गोळ्यांचं बोलणार. पण सासूसमोर ती गप्प राहिली आणि मी दोन्ही रकान्यांत 'नाही' लिहून टाकलं. तिला दुसरंच काही सांगायचं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मोरीकडं जाताना तिनं मला गाठलं.

"मावशी, मी गोळ्या घेतेय की ओ. सांगायला नगं?"

"सांगितलं तर नमुना एक महिना पुढं जाईल. तवर विलासरावांची सुट्टी सरंल. चालंल?"

तिनं जोरानं मान हलवली. नाही.

"मग झालं तर. पाच-सहा दिवसांच्या गोळ्यांनी काय आभाळ कोसळत न्हाई."

हे मी तिच्यासाठी बोलले असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण आणखी एक होतं. डॉक्टरांनी विचारलं असतं, गोळ्या दिल्या कुणी? आणि त्यांच्याच छताखाली, त्यांना न विचारता, मी वर्षानुवर्षं तो गोळ्यांचा खण चालवत होते.

दुसऱ्या दिवशी नमुना झाला. रोहिणीनं माझा हात घट्ट धरला होता. दोन मिनिटांचं काम. इवलासा तुकडा बाटलीत पडला आणि पुण्याला गेला.

पुढच्या आठवड्यात गौरी आल्या. हौसाबाईंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. हिरव्या साडीतली रोहिणी तोंडातून शब्द न काढता अंगणातून आली, पाठीमागं पोरींची थाळ्या वाजवत रांग, आणि उंबऱ्यात हौसाबाईंनी विचारलं, "कोण आली?" मला बरं वाटलं. माझ्यामुळं हे झालं असंच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी पुरणपोळी खाऊन घरी आले.

रिपोर्ट विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आला. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते इतके खुश झालेले मी फार क्वचित बघितले होते. साठीच्या घरातला, एकटा राहणारा, पुस्तकांत डोकं घालून बसणारा माणूस. बाकीचे डॉक्टर त्यांच्या या अस्तराच्या नादाला हसायचे. गावात पुरेशी बाळंतपणं मिळत असताना हा खुळा विलायतेहून मासिकं काय मागवतो, म्हणून.

"सिस्टर, बसा. सापडलं! तिसऱ्या महिन्यात पोरीची बाळं का पडतात ते सापडलं."

"काय झालं सर?"

"आपण काय समजतो, गर्भाशयाचं अस्तर म्हणजे बाळाचा बिछाना. तसं नाही. त्या बिछान्यात राखणदार असतात. पेशी. बाहेरचं काही आलं की त्याच्यावर धावून जाणाऱ्या. आता बाळ म्हणजे अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच की! मग राखणदार त्याला हाकलत का नाहीत?"

"का नाही?"

"हार्मोनचा हुकूम. प्रोजेस्टेरॉन. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते चढतं आणि अस्तराला सांगतं, पाहुणा येण्याची वेळ झाली. राखणदार गोळा व्हा, पण काठ्या खाली ठेवा. गोळा होतात म्हणून दिवसागणिक त्यांची संख्या वाढत जाते. एकविसाव्या दिवशी शंभरात पाच-सहा. सत्ताविसाव्याला त्याच पंधरा-वीस, आणि त्यात काही वावगं नाही. म्हणून मोजायचं ते ठरल्या दिवशीच." त्यांनी कागदावर टिचकी मारली. "रोहिणीच्या अस्तरात एकविसाव्या दिवशीच सतरा! उगीच नाही बाळं टिकत. पोरीचं स्वतःचं अंगच त्यांच्यावर उठतंय."

मी एकाच शब्दावर अडकले होते. प्रोजेस्टेरॉन. त्या पाकिटातली गोळी म्हणजे दुसरं काय होतं? तीही त्याच घरातली. सहा दिवस, दिवसाला तीन, मी त्या अस्तराला हुकूम देत होते की दिवस भरत आले, गोळा व्हा.

"एकच शेरा आहे पुण्याच्या डॉक्टरांचा," चष्मा वर करून ते वाचू लागले. "अस्तर सांगितलेल्या दिवसापेक्षा पुढं गेल्यासारखं दिसतं. तारीख आणि औषधं पडताळून पाहावीत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तारीख बरोबर आहे ना? कसली हार्मोनची गोळी वगैरे?"

रस्त्यावरून रिक्षा गेली. मला तिचा आवाज आठवतो.

"मी स्वतः विचारलंय सर."

"मग झालं," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंय म्हणजे प्रश्नच नाही."

पुण्याच्या तज्ज्ञानं लिहिलेल्या शेऱ्यापेक्षा त्यांनी माझा शब्द वर ठेवला. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं.

उपाय ठरला तो असा. स्टिरॉइडची गोळी. राखणदारांना दाबून ठेवायचं, म्हणजे बाळाला मूळ धरता येईल. दिवस गेल्यावरही तिसरा महिना पार पडेपर्यंत गोळी सोडायची नाही. रोहिणीनं देवाचा अंगारा घ्यावा तशी ती घेतली. आणि विलासची सुट्टी संपायला बारा दिवस असताना तिची पाळी चुकली. हौसाबाईंनी सगळ्या दवाखान्याला पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पहिले दोन महिने झकास गेले. पोरीचा चेहरा गोल झाला, गाल भरले. हौसाबाई म्हणायच्या, बाळसं आईलाच आधी धरलं. ते बाळसं नव्हतं, गोळ्यांची सूज होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी हसायचे.

डिसेंबरात तिला ताप येऊ लागला. दुपार कलली की अंग कोमट व्हायचं, सकाळी मोकळं. आधी सर्दी म्हटलं, मग लघवीची तपासणी झाली, मग टायफॉईडची. काहीच निघेना. अकरावा आठवडा संपत आला होता. डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं.

एका दुपारी मी तिचा ताप बघत होते. तिनं माझा पदर धरला.

"मावशी, एक इचारू?"

"इचार की."

"मी सरांना त्या गोळ्यांचं सांगू का? सारखं मनात येतंय. कुठंतरी त्येचंच काय झालं असंल तर?"

मी थर्मामीटर झटकला. खिडकीत कावळा बसला होता, त्याला हुसकलं. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"आता तीन महिने झाले त्याला बाळा. त्या गोळ्या कवाच अंगातनं गेल्या. उगाच सांगितलंस तर सरांचा गोंधळ उडंल. उपचार बदलला आणि बाळाला काय झालं, तर?"

बाळाचं नाव काढलं आणि ती गप्प झाली. मला ठाऊक होतं ती गप्प होईल. म्हणूनच काढलं.

तिच्या खोलीतून मी बाहेर आले तर डॉक्टर जिन्याजवळ उभे. चार दिवसांत झोपले नसावेत. दाढी वाढलेली.

"सिस्टर, मला गोळी बंद करावीशी वाटतेय."

"स्टिरॉइडची?"

"हो. स्टिरॉइड सगळ्याच राखणदारांना दाबतं. नुसत्या गर्भाशयातल्या नव्हे, सगळ्या अंगातल्या. आत कुठं काही जुनं दबा धरून बसलेलं असेल तर त्याला रान मोकळं. हा ताप मला तसला वाटतोय." ते कठड्यावर टेकले. "पण सतरा! सतराचा आकडा असताना आज गोळी काढून घेतली तर राखणदार उसळून उठतील. चौथं बाळ मी माझ्या हातानं पाडल्यासारखं होईल. आकडा सात-आठ असता ना, तर आत्ता, या क्षणी बंद केली असती."

मी उभी होते. हातात तिचा तापाचा तक्ता.

"नीट आठवून सांगा सिस्टर," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दरडावणं नव्हतं, विनवणी होती. "पुण्याचा तो शेरा मला सतवतोय. नमुना बरोबर दिवसाचा होता ना? काही म्हणजे काही घेतलं नव्हतं ना तिनं?"

सांगायला किती वेळ लागला असता? घेतलं होतं सर, मीच दिलं होतं. पाच-सहा शब्द. मी तोंड उघडलंही होतं. पण ते शब्द आता एकटे येणार नव्हते. सप्टेंबरातलं खोटं, फॉर्मवरचं खोटं, नुकतंच तिला गप्प केलेलं, सगळी वरात त्यांच्यामागून येणार होती. सव्वीस वर्षांत त्या माणसानं माझ्या कामावर कधी दुसऱ्यांदा नजर टाकली नव्हती. त्यांच्या नजरेतली ती जागा सोडवेना.

"बरोबर दिवसाचा होता सर. काही घेतलं नव्हतं."

त्यांनी मान डोलावली. "ठीक आहे. मग गोळी चालू ठेवू. आणखी दोन आठवडे काढले की पार."

दोन आठवडे निघाले नाहीत. नवव्या दिवशी रोहिणीचं डोकं फुटायला लागलं, मान ताठरली, आणि मला ती आत्या म्हणून हाक मारू लागली. डॉक्टरांनी स्वतःच्या गाडीतून तिला मिरजेला नेलं. तिथं पाठीतलं पाणी काढलं आणि निदान झालं. क्षय. मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेला. स्टिरॉइडच्या आडोशाला अंगभर पसरला होता.

तिची आई तिथं आली तेव्हा भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "हिच्या बापाला हुता. ही नऊ वर्षांची असताना गेलं ते. हिनंच त्यास्नी पाणी दिलं शेवटपतूर. लग्नात न्हाई सांगितलं आमी. कुणी केली असती ओ पोर?"

त्या दिवशी बाकावर रोहिणीचे ओठ कशासाठी हलले होते ते मला तेव्हा कळलं. सासूच्या घरात क्षय नव्हताच. माहेरचं मी विचारलंच नव्हतं.

ती अकरा दिवस होती. शेवटचे चार बेशुद्धीत. बाळ तिच्या आधी दोन दिवस गेलं. सव्वीस वर्षांची सुद्धा नव्हती. विलास आसामहून पोचला तेव्हा तिसऱ्याचा विधी उरकला होता.

निरगुडकर डॉक्टरांनी नंतर कुणाला दोष दिला नाही. स्वतःला दिला, आणि तो मोठ्यानं दिला. शेवाळ्यांच्या घरी जाऊन, भावकीसमोर, त्यांनी सांगितलं की गोळी चालू ठेवायचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि तो चुकला. पुण्याहून येणारे रिपोर्ट, ती मासिकं, काचेच्या पट्ट्या, सगळं खोक्यात भरलं. "मी माझ्या लाडक्या आकड्यापायी पोर घालवली सिस्टर," एवढंच मला म्हणाले. जे त्यांना हसायचे त्या डॉक्टरांना आता हसायचीही गरज उरली नव्हती. त्यांचा आकडा खोटा नव्हता, नमुना खोटा होता, हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी त्यांना चहा करून देत राहिले. पाच वर्षांनी ते गेले, तोवर त्यांनी दुसऱ्या कुठल्या बाईच्या अस्तराचा नमुना घेतला नाही. आणि ज्या बायकांची बाळं तिसऱ्या महिन्यात पडत, त्यांना ते हात जोडून सांगत, मला यातलं काही कळत नाही.

विलास एकदाच आला. फेब्रुवारीत, सकाळी, डॉक्टर राउंडला असताना. कपडे साधेच होते, पण उभा पलटणीत राहावा तसा. हातात एक अर्ज, घडी घातलेला.

"सिस्टर, बसत न्हाई. जायाचंय. गावातली मंडळी म्हणत्यात डॉक्टरवर तक्रार कर. त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलंय म्हणत्यात. अर्ज बी लिहून दिलाय सरपंचांनी."

मी त्या घडीकडं बघितलं.

"पण मला त्यांचं डोळं बघवंनात त्या दिवशी. म्हणून तुमाला इचारायला आलो. तुमी सगळ्या येळंला तिथंच हुता. खरं सांगा. त्यांची चूक झाली का?"

"नाही," मी म्हणाले. "सरांची काही चूक नाही. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं."

एवढं एक खरं माझ्या तोंडून निघालं. त्याला अजून अर्धं जोडायचं होतं. विलास वाट बघत उभा होता. त्याचे डोळे लाल होते, पण कोरडे.

"मग कुणाची?" त्यानं विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळाखाली मी उभी होते. वॉर्डात एक नवं बाळ रडत होतं, त्याची आई त्याला घेत नव्हती की काय कोण जाणे, रडतच होतं.

"नशीब," मी म्हणाले.

त्यानं सुस्कारा सोडला. अर्जाचे दोन तुकडे केले, मग चार, आणि कोपऱ्यातल्या बादलीत टाकले. त्याच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला डोळ्यांनी दिसत होतं.

"ती फोनवर सारखं तुमचंच सांगायची," तो म्हणाला. "कुंदामावशी हायेत म्हणून मला भ्या न्हाई, म्हणायची. आईवाणी केलंत तुमी तिचं."

आणि तो माझ्या पाया पडायला वाकला.

मी पाय मागं घेतले नाहीत. सवयीनं हात त्याच्या डोक्यावर ठेवला, आणि सवयीनंच तोंडातून आशीर्वादही गेला.